तारखेसकट

पुंजाराम गणोरकराला माणसं फारशी आवडत नसत. यंत्रं आवडत असंही नव्हतं. ती त्याला माणसांपेक्षा जरा कमी खोटारडी वाटत, एवढंच. अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत त्याच्या घराची पुढची खोली म्हणजेच त्याचं दुकान. दुकानाला पाटी नव्हती. भाजीवाल्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे, इन्व्हर्टर, बंद पडलेले टीव्ही आणि क्वचित एखादा कॉम्प्युटर तिथं दुरुस्तीला येई. गिऱ्हाइकानं विचारलं, "किती दिवस लागतीन काका?" की तो मान वर न करता म्हणे, "बिघडवाले किती लागले?"

वय त्रेसष्ट. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. चार माणसांत बसला की तो चौघांनाही नावं ठेवी, आणि ती बहुधा खरी असत, म्हणून त्याच्याजवळ चौघं जण फार वेळ बसत नसत.

त्याचा सगळ्यात मोठा तिरस्कार एकाच जातीच्या माणसांवर होता. टेबलाशी बसून आकडे भरणारे. पावसाची नोंद घेणारा कारकून खिडकीतून हात बाहेर काढतो आणि ओला झाला तर वीस मिलिमीटर लिहितो. मीटर न पाहता बिल फाडणारा. झाडं न मोजता झाडांची संख्या देणारा. "आपला देश आकड्यावर नाई चालत," पुंजाराम म्हणे, "आकड्याच्या चुलतभावावर चालते." आणि मग ठरलेलं वाक्य येई. "मी तीन वर्षं अकरा विहिरी मोजल्या. दर शनवारी. पाऊस असो का ऊन. एक शनवार चुकवला नाई."

हे वाक्य आलं की त्याची बायको मैनाबाई कपबशा उचलून आत जाई. त्यात काही आहे असं पुंजारामाला कधी वाटलं नाही. कपबशा उचलायच्याच असतात.

विहिरींची गोष्ट खरी होती. १९९३ साली अकोल्याच्या एका संस्थेनं खारपाणपट्ट्याची पाहणी काढली. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल अशी जमीन आहे, की वर काळं सोनं आणि खाली मीठ. विहीर खोदली की पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. ते पाणी पावसाळ्यात किती गोड होतं आणि किती दिवस गोड राहतं, हे कुणाला तरी बाहेरच्या पैशातून शोधायचं होतं. पाहणीचे प्रमुख खुशालराव होते, प्राध्यापक. विहिरींपर्यंत जाणारा पुंजाराम होता, रोजंदारीवर. अंजनगाव सुर्जीत त्याच्या घरची वांग्या-कोबीची बाग. तिथून शनिवारी पहाटे एसटीच्या टपावर सायकल टाकून दर्यापूर, आणि दर्यापूरपासून सात गावांत अकरा विहिरी. पाठीवर गोधडीच्या पिशवीत पाच किलोचा जपानी कॉम्प्युटर. त्या काळी त्याला मांडीवरचा म्हणत. मांडी मुंग्या येऊन बधिर होई. शेवटच्या विहिरीच्या काठावर बसून तो अकरा विहिरींचे आकडे टायपे आणि त्या शनिवारची एक फाईल करी. फाईलचं नाव म्हणजे त्या दिवसाची तारीख. तीन वर्षांच्या अशा एकशे छप्पन्न फायली. पाहणी संपली, यंत्र अकोल्याला खुशालरावांच्या कपाटात गेलं, आणि तीस वर्षं कुणी त्याचं झाकणही उघडलं नाही.

ते उघडायला गीतांजली निघाली. सत्तावीस वर्षांची, दर्यापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, अमरावतीत राहून पीएच.डी. करणारी. विषय तोच, पावसाळ्यातलं विहिरीचं पाणी. विहिरी मोजायला येणाऱ्या माणसाचं नाव तिला गावाकडच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं. "आमच्या घरी पाव्हणे येत न काका," पहिल्या दिवशी दुकानात उभी राहून तिनं सांगितलं, "तं म्हणत, चहा चांगला झाला, मीठ जरासं जास्त पडलं." पुंजाराम हसला नाही, पण त्यानं स्टूल पुढं सरकवलं. मैनाबाईनं ते आतून पाहिलं आणि न विचारता चहा टाकला. स्टूल सरकवणं ही त्या घरात रोजची गोष्ट नव्हती.

दोघं अकोल्याला गेली. जठारपेठेत दुसऱ्या मजल्यावर खुशालराव राहत. वय ब्याऐंशी, अंगात इस्त्रीचा सदरा, भिंतीवर नऊ सन्मानपत्रं. एकाची काच फुटली होती. तेही तसंच टांगलेलं.

"पुंजाराम! वजन वाढलं की रे तुझं."

"मशीनचं तेवढंच हाय ना सर? मंग झालं."

कपाटातून पिशवी निघाली. खुशालराव तिच्यावर हात ठेवून म्हणाले, "माझ्या आयुष्याचं काम आहे बघ ह्यात."

"सर, त्यातल्या एका विहिरीचं नाव सांगा."

खुशालराव मोठ्यानं हसले. "अरे, नावांना काय करायचंय? आकडे महत्त्वाचे."

"लोकायनं नाव ठेवलेली विहीर अन् लोकायनं नावं ठेवलेला माणूस, दोनी आपल्याले माहीत पाह्यजे सर. तुमाले त्यातला दुसराच माहीत हाय, काऊन का तो मी हाओ."

गीतांजलीनं घाईघाईनं छापील अहवाल मागितला. तो पातळ होता. पहिल्या पानावर खुशालरावांचं नाव, त्याखाली त्यांच्या साडूच्या मुलाचं, आणि शेवटच्या पानावर आभारांच्या गर्दीत 'स्थानिक मदतनीस' एवढे दोन शब्द. पुंजारामानं अहवाल हातात धरला नाही. तीस वर्षांपूर्वी धरला होता तेवढा पुरे होता.

"माह्या प्रबंधात असं नाई होणार," गीतांजली म्हणाली. "कोणता आकडा कोणी घेतला ते लिवाच लागते. तुमचं नाव येईन काका. पानावर, आकड्याच्या वर." मग तिनं पुढचं सांगितलं. "पण मले फायली जशाच्या तशा पाह्यजे. नुस्ते आकडे नाई. फाईल कोणत्या दिवशी सेव्ह झाली, ती तारीख पाह्यजे. शनवारची फाईल शनवारीच सेव्ह झाली असन तं ती ताजी. मांगून बसून भरली असन तं शिळी. शिळी मी धरणार नाई. माह्या सरांचा नियमच हाय."

"तारखा कोण बघतं?" खुशालराव म्हणाले.

"ज्याले वाचता येते तो," पुंजाराम म्हणाला.

गीतांजलीनं सांगितलं, की नागपूरच्या एका दुकानात तिनं विचारलं होतं. ते म्हणाले, स्क्रीनचे फोटो काढू आणि बघून टायपून देऊ. आणि फार तर ही केबल लावून पाहा म्हणून नऊशे रुपयांची एक केबल त्यांनी गळ्यात मारली.

"टायपून देऊ!" पुंजारामाचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "म्हणजे सगळ्या फायली आजच्या तारखेच्या. बाप मेला तं त्याचा फोटो पाहून दुसरा बनवतो म्हणा. पोरी, मी तुले एकशे छप्पन फायली तारखेसकट देतो. सरांसमोर सांगून राहिलो. एक मिनिट इकडचं तिकडं झालं तं मले या धंद्यातला म्हणू नोको."

खुशालरावांनी मान डोलावली. एवढा विश्वास त्यांनी पुंजारामावर पूर्वी दाखवला असता तर बरं झालं असतं.

*

अमरावतीच्या दुकानात यंत्र चालू झालं. अ‍ॅडॉप्टर पुंजारामानं आपला लावला. पडदा निळसर उजळला, आतली डिस्क गिरणीसारखी घरघरली आणि स्थिरावली. आतलं घड्याळ मात्र मेलं होतं. आजची तारीख विचारली तर यंत्र १९८० म्हणत होतं. आजची तारीख त्याला ठाऊक नसली तरी जुन्या फायलींवरच्या तारखा जिथल्या तिथं होत्या. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं.

अडचण वेगळीच होती. फ्लॉपीच्या खणातला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता, म्हणजे तिथून काही आत-बाहेर होणार नव्हतं. आतली डिस्क काढून दुसरीकडे लावावी, तर तिचा जोड आता कुठल्याच यंत्राला बसत नव्हता. उरलं पाठीमागचं नऊ पिनांचं एक भोक. त्या भोकातून तारेनं फायली ओढता येतात, पण ओढण्याचं सॉफ्टवेअर दोन्ही यंत्रांत असावं लागतं. ते पुंजारामाजवळ होतं, १९९४ सालच्या दोन फ्लॉप्यांवर, खोक्यासकट. त्याच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरला फ्लॉपी चालत होती. पण पलीकडे ते घालायचं कुठून? किल्ली घरात आणि कुलूप बाहेरून, अशी गत.

यावर त्या खोक्यातल्या पुस्तिकेच्या चाळिसाव्या पानावर एक उपाय होता. जुन्या यंत्रावर दोन हुकूम टायपायचे. पहिल्यानं त्या भोकाला सांगायचं, की कोणत्या वेगानं बोलायचं. दुसऱ्यानं यंत्राला सांगायचं, की यापुढं स्वतःच्या कीबोर्डाचं ऐकू नको, तारेवरून जो बोलेल तो तुझा मालक. त्यानंतर त्या यंत्रावर तुम्ही काहीही दाबा, ते ढिम्म हलत नाही. मग इकडच्या कॉम्प्युटरनं ते सॉफ्टवेअर अक्षर अक्षर करून तारेतून तिकडे ढकलायचं. तिकडे पोचलं की ते आपल्या पायांवर उभं राहतं आणि कीबोर्ड परत मिळतो. मध्ये एक अक्षर सांडलं तर सगळं पहिल्यापासून.

नागपूरच्या नऊशे रुपयांच्या केबलनं काहीच झालं नाही. पुंजारामानं टेस्टर लावला आणि त्याला मनापासून आनंद झाला. दोन नंबरची तार दोनलाच, तीनची तीनलाच. म्हणजे तोंडाला तोंड जोडलं आणि कानाला कान. दोघंही बोलताहेत, ऐकायला कुणी नाही.

"अवो, हे पाय," त्यानं मैनाबाईला बोलावून दाखवलं. "नऊशे रुपयात ग्रामसभा विकली त्यायनं."

त्यानं आपली केबल बनवली. सात तारा, एकीचं बोलणं दुसरीच्या ऐकण्याला, कथलाचा डाग देऊन, फुंकर मारून. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, दोन हुकूम टायपले आणि हात मांडीवर ठेवून बसला. इकडच्या पडद्यावर टक्के चढू लागले. त्रेपन्न. ऐंशी. पंच्याण्णव. तिकडचं यंत्र घरघरलं, आणि इकडच्या पडद्यावर दोन खण उमटले. डावीकडे त्याचा कॉम्प्युटर. उजवीकडे तीस वर्षं कपाटात पडलेला.

दुपारचे तीन वाजले होते. त्यानं उजवा खण वर सरकवायला सुरुवात केली. ब्याण्णवच्या वयोवृद्ध फायली, यंत्राच्या स्वतःच्या. मग ९३. शनिवारचं नाव, शनिवारची तारीख, संध्याकाळचे साडेपाच, पावणेसहा. प्रत्येक ओळीत त्याला आपणच दिसत होतो. घामेजलेला, मांडी बधिर झालेला, काठावर बसून टायपणारा. ९४. सगळं जिथल्या तिथं. हे आकड्याच्या चुलतभावांवर जगणाऱ्यांना दाखवलं पाहिजे, असं त्याच्या मनात आलं.

मग ९५चा जुलै आला.

आठ जुलैच्या फाईलीवर अठ्ठावीस ऑक्टोबरची तारीख होती. पंधरा जुलैच्या फाईलीवर अठ्ठावीस ऑक्टोबर. बावीस जुलै, अठ्ठावीस ऑक्टोबर. त्यानं चष्मा पुसला. एकवीस ऑक्टोबरपर्यंत सोळा शनिवार होते आणि सोळाही एकाच दुपारी सेव्ह झालेले. चार वाजून बारा मिनिटं. चार एकोणीस. चार पंचवीस. सहा-सात मिनिटांत अकरा विहिरी. पाच वाजून तीन मिनिटं, आणि त्यानंतर एकदम पाच एकतीस. मध्ये चहा झाला असावा.

तो विसरला होता असं नाही. विसरणं वेगळं. त्यानं त्यावर माती लोटून वर बाग केली होती. ९५च्या जूनमध्ये संस्थेत कायमची एक जागा निघाली. खुशालरावांनी ती दोन वर्षं त्याला दाखवली होती, बैलापुढं पेंड दाखवावी तशी. जागा साडूच्या मुलाला गेली. पुढच्या शनिवारी पुंजाराम दर्यापूरला न जाता परतवाड्याला एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसला, त्याच्या पुढच्या शनिवारीही, आणि पावसाळाभर. रोजंदारी घेत राहिला. 'त्यायच्या बापाचं खाल्लं' असं त्या वेळी म्हणाला होता. दिवाळीनंतर खुशालरावांनी नोंदी मागवल्या तेव्हा घरी बसून सोळा फायली भरल्या. पाऊस पडला की मीठ उतरतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून दर शनिवारी त्यानं ते थोडं थोडं उतरवलं, जिन्याच्या पायऱ्यांसारखं. खुशालरावांनी शाबासकी दिली. एवढे सुबक आकडे त्याआधी कधी आले नव्हते.

आता काय?

एक वाट सोपी होती. सॉफ्टवेअर राहू द्यावं बाजूला. जुन्या यंत्रावरून फाईल नुसती तारेवर ओतता येते आणि इकडे तो मजकूर पकडता येतो. आकडे सगळे येतात, तारीख येत नाही. त्यानं एक फाईल तशी ओतून पाहिली. ती आली, आजच्या तारखेची, न्हाऊन-धुऊन, नवीन कपडे घातल्यासारखी. पण मग गीतांजलीला काय सांगायचं? की सॉफ्टवेअर तिकडे बसलं नाही. की पुंजाराम गणोरकराकडून झालं नाही. नागपूरवाल्यांकडून झालं नाही तसंच. आणि ते खुशालरावांच्या कानावर जाणार. चोरी लपवायची तर अडाणी ठरायचं, आणि अडाणी ठरायचं नसेल तर चोरी दाखवायची. असा पेच त्याच्या वाट्याला यावा याचा त्याला खुशालरावांवरच राग आला. राग कुणावर तरी येणं गरजेचं होतं.

दुसरी वाट होती, आणि ती फक्त त्यालाच येत होती. फायली तारखेसकट आपल्या कॉम्प्युटरवर आणायच्या. मग कॉम्प्युटरचं घड्याळ मागं न्यायचं, आठ जुलै १९९५, संध्याकाळी पाच चाळीस. आठ जुलैची फाईल पुन्हा सेव्ह करायची. मग घड्याळ पंधरा जुलै. ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. त्यानं एकशे छप्पन्न फायली आणल्या. चार मिनिटं लागली. एक मिनिट इकडचं तिकडं झालं नाही. मग तो घड्याळ मागं न्यायला बसला.

आठ जुलै, पाच चाळीस. पंधरा जुलै, इथं त्यानं पाच बावन्न केले, रोज एकच वेळ बरी दिसत नाही. बावीस जुलैला त्यानं विचार केला, की पाऊस असता तर उशीर झाला असता, म्हणून सहा दहा. एकोणतीस जुलैला कच्च्या रस्त्यावर सायकलच्या चाकात चिखलाचा गारा भरला असता, म्हणजे सहा वीस.

मैनाबाई चहा घेऊन आली. पडद्याकडे तिनं पाहिलं नाही, पाहून तिला काही कळलंही नसतं. "हिशेब करून राहिले का?"

"शनवार भरून राहिलो," तो सहज बोलून गेला.

मैनाबाई उभीच राहिली. "ते परतवाड्याचे?"

त्यानं मान वर केली.

"मले वाटे, तुमाले आठवते," ती म्हणाली. "एक शनवार चुकवला नाई म्हणून सांगता न लोकाले, तं मी आतमंधी जाओ. मनलं, आपल्या तोंडावर काई दिसाले नोको."

"तीस वर्षं?"

"कपबशा राहतच होत्या न उचलाच्या," ती म्हणाली आणि गेली.

पुंजाराम घड्याळासमोर बसून राहिला. पुढचा शनिवार पाच ऑगस्टचा होता. बोटं कीबोर्डवर होती आणि डोकं त्या शनिवारी पाऊस होता की उघाड होती, याचा बारकाईनं विचार करत होतं. त्या विचारात त्याला एकदम खिडकीबाहेर काढलेला तो कारकुनाचा हात दिसला. त्या कारकुनानं निदान हात तरी ओला केला होता. हा इथं पाचवा शनिवार मोठ्या निगुतीनं रचत बसला होता. जेवढी मेहनत तेव्हा पायांनी केली नाही तेवढी आता बोटांनी, आणि त्यातही कसब दाखवायची हौस. साठ वर्षांत ज्यांच्यावर थुंकलो त्यांत असा चतुर एकही नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं. ते सगळे आळशी होते. आळशी माणूस कधीतरी सुधारतो.

त्यानं त्या चार फायली पुसल्या. घड्याळ आजच्या तारखेवर आणलं. पलीकडच्या यंत्रातून त्याच चार पुन्हा ओढल्या. त्या आल्या, अठ्ठावीस ऑक्टोबर, चार बारा, चार एकोणीस, चार पंचवीस, चार बत्तीस. मग सगळ्या पेनड्राइव्हवर घातल्या.

*

दुसऱ्या दिवशी दहाला गीतांजली आली. पुंजारामानं पेनड्राइव्ह दिला आणि एका भाजीवाल्याचा काटा उघडून बसला. रात्रीच ठरवलं होतं, की ती येताच सांगून टाकायचं. पण ती समोर बसली, लॅपटॉप उघडला, आणि त्याचं तोंड उघडेना. त्याला एक लाजिरवाणी आशा वाटू लागली, की ही पोरगीही बाकीच्यांसारखीच निघावी. वर वर पाहावं, 'वा काका' म्हणावं आणि जावं. जन्मभर ज्यांना न पाहणारे म्हणून हिणवलं, त्यांच्यातली एक तरी आज आपल्या वाट्याला यावी.

"वा काका!" गीतांजली म्हणाली. "९३ पूर्ण जुळते. ९४ बी. कोनाकडून झालं नसतं हे."

पुंजाराम स्क्रू फिरवत राहिला. स्क्रू केव्हाच घट्ट बसला होता.

मग तिचं बोट एकाच जागी खालीवर होऊ लागलं. "काका, हे ९५चे सोळा... सगळे एकाच दिवशीचे काऊन?"

ती पुरती अवघडली. ज्याच्याकडून एवढं काम करून घेतलं, ज्याच्या घरी चहा घेतला, त्याला हे विचारावं लागणं तिला नको होतं. तिनंच वाट काढून दिली. "मशीनचं घड्याळ अटकलं असन ना त्या टायमाले? जुन्या मशीनीचं होत असन तसं."

ही दया पुंजारामाला सोसली नाही. खुशालरावांचा अहवाल सोसला होता, हे नाही.

"घड्याळ अटकलं?" तो कडाडला. "तं मंग चार बारा, चार एकोणीस, चार पंचवीस कसं झालं? अटकलं घड्याळ मिनिटं मोजते का? अन् पाच तीन ते पाच एकतीस, घड्याळ चहा प्याले गेलतं? डोळे दिले न देवानं, वाच ना नीट! भरल्या मी त्या. घरी बसून. गेलोच नाई मी विहिरीवर. त्या पावसाळ्यात मी परतवाड्यात टीव्ही दुरुस्त करून राहिलतो."

आत भांड्यांचा आवाज थांबला. गीतांजलीनं लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं, पुन्हा उघडलं.

"एक अख्खा पावसाळा गेला काका," ती हळू म्हणाली. "तीनच होते माह्याजवळ."

"माहीत हाय मले किती होते. मीच मोजले न ते." मग त्याचा आवाज उतरला. "दोन राह्यले. त्या दोनींत गेलतो मी. गुडघ्याइतल्या गाऱ्यातून गेलतो. ते धर. ते खरे हायेत." आणि स्वतःच्याच बोलण्याची त्याला चीड आली, कारण एकदा खोटं बोललेल्याचं खरंही आता फाईलीवरची तारीख पाहूनच मानायचं. तारखा होत्या, हे बरं होतं. "माह्यावर भरोसा ठेवू नोको," तो म्हणाला. "तारीख पाय अन् धर."

गीतांजलीनं सोळा फायली बाजूला काढल्या. उरल्या एकशे चाळीस. मग आकड्यांच्या तक्त्याखाली ती टीप लिहू लागली. पुंजाराम काटा सोडून तिच्या मागं येऊन उभा राहिला. तिनं लिहिलं होतं: 'जुलै ते ऑक्टोबर १९९५ ह्या काळातली निरीक्षणं उपलब्ध नाहीत.'

"उपलब्ध नाईत म्हणजे?"

"म्हणजे... नाईत."

"हायेत ना. तुह्यासमोर पडून हायेत सोळाच्या सोळा. उपलब्ध नाईत म्हणजे उंदरानं कुरतडले, पुरात वाहून गेले, असं वाटन लोकाले. हे खुशालरावाचं मराठी हाय. खोडून टाक ते. बनावट लिव."

"काका, छापून येईन ते."

"छापाचंच हाय. कोणी बनवले ते बी लिव."

तिनं खोडलं आणि नवं लिहिलं: 'जुलै ते ऑक्टोबर १९९५ची सोळा निरीक्षणं निरीक्षकाने घरी बसून बनावट तयार केली असल्याने ती गाळली आहेत.'

पुंजारामानं चष्मा सारखा करून दोनदा वाचलं. "निरीक्षक कोन? साडूचा पोट्टा बी निरीक्षकच होता कागदावर. त्याले काऊन माह्या पापाचा वाटा? नाव टाक."

गीतांजलीनं त्याच्याकडे वळून पाहिलं. तो पडद्याकडेच पाहत होता. तिनं 'निरीक्षकाने' पुसलं आणि त्या जागी 'श्री. पुंजाराम गणोरकर यांनी' असं टाइप केलं. छापायच्या मजकुरात त्याचं नाव प्रथमच आलं होतं. त्यानं ते वाचलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"श्री काढ," तो म्हणाला.

तिनं श्री काढला.